डाव्या हाताचं इंजिन

दसरा उलटला की धरणाचं पाणी निवळतं. पावसाळाभर ते काढ्यासारखं लालसर असतं, चहूबाजूंचे ओढे डोंगरांची माती घेऊन त्यात उतरत असतात. मग पाऊस थांबतो, ऊन चटके देऊ लागतं, आणि एखाद्या सकाळी जाऊन बघावं तर काठाचे दगड गुडघाभर पाण्याखालीही स्वच्छ दिसायला लागलेले असतात. गवत वाळू लागतं आणि त्याचा गोडसर वास सुटतो. चाकणच्या चौकातली धूळ, नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेऊन उभे असलेले ट्रेलर, कंपन्यांच्या बसेसचे हॉर्न, हे सगळं अंगावर घेऊन आलेलं माणूस त्या काठावर उभं राहिलं की पहिले काही क्षण त्याला काहीच सुचत नाही.

या वर्षीही पाणी निवळलं आहे. काल तिथून परत येताना मला गेल्या वर्षीचा हाच ऋतू आठवत राहिला. तो अख्खा ऋतू मी एक इंजिन शोधण्यात घालवला. छोट्या नावेला मागे अडकवायचं, पंखा पाण्यात आणि यंत्र वर, असलं इंजिन. आयुष्यभर पालिकेच्या शाळेत मराठी शिकवलेल्या बाईनं हे करावं, याचं तेव्हा माझं मलाच नवल वाटत होतं.

नाव विलासची. विलास माझा नवरा. आम्ही एकाच वयाचे, लग्नाआधीपासूनची ओळख, म्हणून मी त्याला नावानंच हाक मारते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. तो देवगडकडचा, खाडीकाठी वाढलेला. नोकरीसाठी इकडे आला, चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला लागला, आणि आम्ही चिखलीत घर घेतलं. आमच्या इमारतीच्या मागे ओळीनं वर्कशॉप आहेत. दिवसभर लेथ फिरतात, पावडर कोटिंगचा करपट वास खिडकीतून येतो. खाडीची आठवण काढायला तिथे काहीच नव्हतं. मग कधीतरी एका बंद पडलेल्या बोट क्लबची फायबरची जुनी नाव त्यानं विकत घेतली आणि धरणाच्या फुगवट्यावर बबनभाऊंच्या घरामागे नेऊन ठेवली. बबनभाऊ तिथले मासेमारी करणारे. त्यांच्या वडिलांचं शेत त्याच पाण्याखाली आहे. सुट्टीच्या दिवशी विलास जायचा, दोघं मिळून नाव काढायचे, आणि संध्याकाळी तो उन्हानं तांबडा होऊन, माशांचा वास घेऊन परत यायचा. मी क्वचितच गेले असेन. मला पेपर तपासायचे असत.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात जुनं इंजिन पाण्यातच जाम झालं. बबनभाऊंनी वल्हवत नाव काठाला आणली. घरी आल्यावर विलास हसत म्हणाला, "पिस्टन बसला. पावसाळा होऊ दे, मग दुसरं बघू."

पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सकाळी, चहाचा कप त्याच्या हातातून सुटला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाला. ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा उजवा हात लुळा होता, उजवा पाय काठीच्या आधारानं टाकता येत होता. शब्द मात्र गेले होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की त्याला सगळं कळतं, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झाली आहे. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचे पत्ते दिले. कप, छत्री, कुलूप, झाड. रोज सकाळी नाश्त्यानंतर मी ते घेऊन बसायची. वर्षानुवर्षं पहिलीच्या मुलांसमोर बसले होते, तशीच. छत्रीचं चित्र धरलं की विलास कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "ते… ते…"

"छ," मी म्हणायची. "छ म्हण. छत्री."

"ते."

"ते नाही. छ."

काही आठवड्यांनी त्यानं 'ते' म्हणणंही सोडलं. मी पत्ता धरला की तो डाव्या हातानं माझ्या हातातून अलगद काढून घ्यायचा आणि टेबलावर उलटा ठेवायचा.

सुरुवातीला कंपनीतले मित्र आले. बहिऱ्याशी बोलावं तसे मोठ्यानं बोलले, मग त्याच्या डोक्यावरून माझ्याशी बोलले, मग त्यांना उशीर होऊ लागला. पुढे फोन येत राहिले, तेही माझ्या नावे. आमच्याकडे गुरुवारी मागची वर्कशॉप बंद असतात. एरवी ती शांतता मला हवीशी वाटायची. त्या पावसाळ्यात गुरुवार आला की मी सकाळीच टीव्ही लावून ठेवायची. कुणी बघत नसायचं. घरात दोन माणसं आहेत आणि दोघांचाही आवाज नाही, हे तेवढं ऐकू येऊ नये म्हणून.

दसऱ्यानंतर बबनभाऊंचा फोन आला. मी भाजी निवडत होते, म्हणून स्पीकरवर टाकला. विलास समोर बसला होता.

"वहिनी, नाव पावसाळाभर उपडी पडलीया," बबनभाऊ म्हणाले. "एक जण इचारतोय, इकायची हाय का म्हणून. दादांना इचारून बगा."

मी उत्तर द्यायच्या आत विलासचा डावा हात टेबलावर आदळला. भाजीची परात उडाली, मेथीच्या काड्या जमिनीवर पसरल्या. मी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा लाल झाला होता. दवाखान्यातून आल्यापासून त्यानं काही हवं असल्याचं दाखवलं नव्हतं, जेवणसुद्धा वाढलं तेवढं आणि वाढलं तेव्हा. आणि आता त्यानं टेबलावर हात आपटला होता.

"विकायची न्हाई, बबनभाऊ," मी म्हटलं. का कोण जाणे, मी त्यांच्यासारखंच 'न्हाई' म्हटलं.

"मग इंजान बगा कायतरी," ते म्हणाले. "वल्ह्यानं कितीसं जानार?"

अशी सुरुवात झाली. संध्याकाळी चष्मा लावून मी मोबाइलवर इंजिनं बघू लागले. जुन्या नावेला नवं इंजिन म्हणजे नुसतं आवडलं आणि घेतलं असं नसतं, हे हळूहळू कळलं. नावेच्या मागच्या फळीला ते अडकवतात, त्या फळीच्या उंचीप्रमाणे इंजिनाचा दांडा लांब किंवा आखूड लागतो. आखूड पडला तर पंखा पाण्याऐवजी हवा खातो, लांब झाला तर काठाजवळच्या दगडांवर आपटतो. ताकद जास्त झाली तर नावेचं नाक वर उचललं जातं. आणि वजन. आताची इंजिनं जुन्यांपेक्षा जड असतात, म्हातारी फळी ते पेलेल की नाही हे आधी पाहावं लागतं.

केतकी, आमची मुलगी, बंगळूरला असते. तिला सांगितलं तर ती आधी "कशाला?" म्हणाली. मग म्हणाली, "घ्यायचंच असेल तर बॅटरीवरचं घे आई. धूर नाही, आवाज नाही, दोरी ओढायला नको. वजनानं हलकं, तुला एकटीला उचलता येईल. तूच चालवणार ना?"

"मग दुसरं कोण?"

"बाबांना पुढे बसव. तेवढंच त्यांना बरं वाटेल."

मला ते पटलं. फार पटलं, आणि त्याचं कारण मी केतकीला सांगितलं नाही. त्या दिवसांत मी मनात एक चित्र रंगवत होते. सकाळचं स्थिर पाणी, आवाज न करणारी नाव, आम्ही दोघं समोरासमोर. तिथे, त्याच्या आवडीच्या जागी, कदाचित एखादा शब्द बाहेर येईल. अगदी पुटपुटला तरी मला ऐकू येईल. चित्रांचे पत्तेही बरोबर न्यायचे असं मी ठरवून टाकलं होतं.

फळी मोजायला आम्ही गेलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. गाडी मी चालवत होते. मोशी ओलांडून चाकणच्या रस्त्याला लागलो. विलासच्या कंपनीचं गेट आलं तेव्हा पहिली शिफ्ट आत जात होती, निळे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं. विलासनं मान दुसऱ्या बाजूला वळवली आणि गेट मागे पडेपर्यंत तो उसाचा एक ट्रॅक्टर बघत राहिला.

नाव जांभळाच्या झाडाखाली उपडी होती. बबनभाऊंनी आणि मी ती उलथवली. आत कुंभारमाशीनं मातीची घरं केली होती, कोपऱ्यात कुजलेली पानं. मी टेप लावून फळीची उंची मोजली, दोनदा मोजली. विलास काठी टेकत आला, काठी मला दिली आणि डाव्या हाताच्या बोटांची पेरं त्या फळीवर वाजवू लागला. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, हळूहळू, कान देऊन. ठक, ठक, ठक. उजव्या कोपऱ्याजवळ तो थांबला. पुन्हा वाजवलं. तिथला आवाज दबका होता, ओल्या पुठ्ठ्यावर वाजवावं तसा. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आतनं लाकूड सडलंय हितं," बबनभाऊ म्हणाले. "दादांनी बराबर वळाखलं."

चिखलीतल्या फायबरचं काम करणाऱ्या एका माणसानं पुढच्या आठवड्यात तिथे जाऊन आतलं लाकूड बदललं, वरून नवा थर चढवला. ते काम चाललं असताना विलास खुर्ची टाकून शेजारी बसून होता. मी डबा उघडला तरी त्याचं लक्ष नव्हतं. परत येताना वाटेत मी म्हटलं, "छान झालं ना काम?" तो खिडकीबाहेर बघत होता. घरी आल्यावर तो पुन्हा घरातला विलास झाला, आणि मी टीव्ही लावला.

इंजिनाचं दुकान तळवड्याला सापडलं. दुकान कसलं, पत्र्याची शेड. शेतीचे पंप, जनरेटर, आणि मागच्या भिंतीशी लाकडी घोड्यांवर अडकवलेली नावेची इंजिनं. गायकवाड म्हणून मालक होते, आमच्याहून दहाएक वर्षांनी लहान, शांत बोलणारे. त्यांनी तीन इंजिनं दाखवली. पहिलं जुन्यासारखंच, दुरुस्त केलेलं, हलकं, पण ऑइलमिश्रित पेट्रोलवर चालणारं आणि दोरी ओढून चालू करायचं. जुन्या इंजिनाचा तेलकट रंगीत पट्टा पाण्यावर पसरायचा तो मला आठवला, शिवाय ती दोरी ओढायला दोन धड हात हवेत. ते मी लगेच बाजूला सारलं. दुसरं बॅटरीवरचं. तिसरं पेट्रोलचंच, पण नव्या पद्धतीचं, तेल न मिसळता चालणारं, बटनावर सुरू होणारं. ते चांगलंच जड होतं.

गायकवाडांनी बॅटरीवरचं पाण्याच्या पिंपात बसवून चालू केलं. पाणी फिरू लागलं तेव्हा कळलं की ते चालू झालंय. घरातल्या पंख्याएवढासुद्धा आवाज नाही. मी विलासकडे बघून हसले.

"हेच घेऊया. किती शांत आहे बघ."

त्यानं मान हलवली. नाही.

"का नको? आवाज नाही हेच तर चांगलं आहे."

पुन्हा नाही. मी केतकीचं सगळं सांगितलं, धूर, वजन, उचलायची सोय. तो ऐकत होता आणि मान हलवत होता. माझा आवाज चढला असावा, कारण शेडमधलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. गायकवाड मला हळूच म्हणाले, "मॅडम, दादांचं काय म्हणणं आहे?"

"ते बोलत नाहीत," मी म्हटलं.

गायकवाडांनी एक स्टूल आणलं, विलासच्या समोर ठेवलं आणि त्यावर बसून थेट त्याला म्हणाले, "दादा, मग दाखवा. कुठलं पाहिजे?"

विलास उठला. तिसऱ्या इंजिनापाशी गेला. गायकवाडांनी ते पिंपात उतरवलं, बटन दाबलं, आणि सगळी पत्र्याची शेड घुमू लागली. विलासनं पायानं स्टूल ओढलं, इंजिनाच्या उजव्या बाजूला बसला आणि पुढे आलेला हँडलचा दांडा डाव्या मुठीत धरला. मूठ फिरवली. आवाज वाढला. सोडली, कमी झाला. त्याचा लुळा हात मांडीवर होता आणि त्याची त्याला आठवणही नव्हती.

"बरोबर," गायकवाड माझ्या कानाशी येऊन ओरडून म्हणाले. "हे डाव्या हातानंच चालवतात. बसायचं उजवीकडे, दांडा डाव्या हातात. उजव्या हाताचं कामच नाही यात."

मी तिथे उभी राहिले. बॅटरीच्या इंजिनाचा रंगीत कागद माझ्या हातात होता. इतके दिवस मी दांडे मोजले, वजनं वाचली, आणि नाव विलास चालवू शकेल हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. शरीराची एक बाजू गेली म्हणजे माणूस पुढच्या फळीवर बसवायचा, हे मी आणि केतकीनं फोनवर ठरवून टाकलं होतं. आणि जगात एक काम असं होतं ज्याला त्याची नेमकी शाबूत असलेली बाजूच लागत होती. ते त्याला ठाऊक होतं. सांगता येत नव्हतं, एवढंच.

इंजिन बंद झालं तरी विलासनं दांडा सोडला नाही.

"हे द्या," मी गायकवाडांना म्हटलं.

केतकी फोनवर रागावली. "आई, तू त्यांना चालवू देणार? मधोमध काही झालं तर?" तिचं चुकत नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं. शांत पाणी, अंगात लाइफ जॅकेट आणि सोबत पोहता येणारं माणूस असेल तर हरकत नाही, असं ते म्हणाले. पोहायला मला येतं. इंजिनाबरोबर एक लाल दोरी आली होती. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात, दुसरं इंजिनाच्या खटक्यात अडकवतात. तो पडला किंवा कोसळला तर दोरी निसटते आणि इंजिन आपोआप बंद पडतं. ती दोरी मी घरीच त्याच्या मनगटाला बांधून, सोडवून, पुन्हा बांधून पाहिली. त्यानं मुकाट्यानं बांधू दिली.

पहिल्या फेरीला मी पुढे बसले आणि बबनभाऊ मध्ये, विलासकडे तोंड करून. काठ सुटला, विलासनं मूठ फिरवली आणि नाव पाण्यावर अशी सरळ गेली की बबनभाऊंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. उतरल्यावर म्हणाले, "वहिनी, मला आता कशाला नेताय? दादांचा हात तसाच हाय." तरी त्यांनी आपली होडी काठाशी तयार ठेवली आणि आम्ही दिसू तिथवरच जायचं असं ठरलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघंच गेलो. मी पुढच्या फळीवर, त्याच्याकडे पाठ करून. सकाळचं धुकं पाण्यावरून उठत होतं. पलीकडच्या टेकडीवर गवत कापणाऱ्या बायका ठिपक्यांएवढ्या दिसत होत्या. इंजिनाचा आवाज इतका होता की मनातला विचारसुद्धा धड पुरा होत नव्हता. पिशवीत पत्ते होते. मधोमध गेल्यावर इंजिन बंद करायला लावायचं आणि पत्ते काढायचे, असं मी अजूनही धरून होते. तेवढ्यासाठी मी मागे वळले.

विलास बोलत होता.

ओठ नुसते हलत नव्हते. तो बोलत होता, सलग, भुवया वर नेत, मधेच मान तिरकी करत, कुणाला काही समजावून सांगावं तसा. एका ठिकाणी तो हसलाही. नजर दूर पाण्यावर होती. शब्द खरे होते की त्या सकाळी कप पडल्यावर आले होते तसे, मला कळायला मार्ग नव्हता. इंजिनाखाली सगळं बुडत होतं. मी नकळत त्याच्या दिशेनं वाकले, कान पुढे केला.

त्यानं मला पाहिलं आणि तोंड मिटलं. चेहरा घरातल्यासारखा झाला.

मी पुन्हा पुढे तोंड करून बसले. पत्ते काढले नाहीत. बराच वेळ मी समोरचं पाणी बघत होते आणि माझ्या पाठीला कळत होतं की मागे पुन्हा सुरू झालंय. त्याला बोलायला अशी जागा हवी होती जिथे कुणी ऐकणार नाही, कुणी 'ते नाही, छ' म्हणणार नाही. ती त्याला मिळाली होती, आणि त्या जागेत मी नव्हते. तशी दोन हातांवरच होते. रडू आलं तेही इंजिनाच्या आवाजात कुणाला कळलं नाही.

तो सगळा हिवाळा आम्ही गुरुवारी जात राहिलो. पाणी उतरत गेलं, काठ लांब होत गेले, चिखलाला भेगा पडल्या, आणि उन्हाळ्यात इंजिन काढून आम्ही घरी आणलं. घरात त्याचं बोलणं सुधारलं नाही. 'हो' येतं, 'नको' येतं, कधी कधी केतकीचं नाव अर्धं येतं. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आता यापुढे फार अपेक्षा धरू नका. मी धरत नाही.

काल या वर्षीची पहिली फेरी झाली. मी पुढे बसले, त्यानं मूठ फिरवली, बबनभाऊंचं घर लहान होत गेलं. मागे तो बोलत असणार. वळून पाहायचं नाही, एवढं मला आता जमतं. मग काय झालं कुणास ठाऊक, मीही बोलायला लागले. समोरच्या टेकडीकडे बघत, मोठ्यानं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दिवस कसा जातो ते. केतकीला फोनवर काय काय सांगत नाही ते. त्याचा आवाज कसा होता ते मी विसरत चालले आहे, आणि त्याची मला भीती वाटते, तेही. माझं मला काही ऐकू येत नव्हतं. घसा दुखेपर्यंत मी बोलत होते.

काठ जवळ आला तसा विलासनं रेस कमी केली, आणि आम्ही दोघं गप्प झालो.